मलम लावण्याआधी जखमेचा पत्ता विचारा

चिंगी या माझ्या गिनी पिगच्या नाकाच्या शेंड्याजवळ चार आण्याएवढा चट्टा दिसला तेव्हा मी तेच केलं जे आपल्याकडे घरोघरी होतं. औषधांचा डबा उघडला. त्यात मागच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी खाजेसाठी आणलेली, निम्मी पिळलेली एक ट्यूब होती. दोन दिवस लावली. लाली उतरली, मी खूश. दहाव्या दिवशी चट्टा डोळ्याभोवती आणि कानाच्या मुळाशी पोचला होता आणि माझ्या मनगटावर कडेने उठलेलं एक गोल कडं खाजत होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी चिंगीच्या आधी माझं मनगट पाहिलं. "गजकर्ण. तुम्हालाही आणि हिलाही. काय लावलंत?" मी ट्यूब पुढे केली. तिच्यात बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि जोडीला स्टेरॉइडही होतं. स्टेरॉइडने खाज आणि लाली दाबली, पण शरीर बुरशीशी जी झुंज देत होतं तीही दाबली. बुरशीला रान मोकळं झालं.

त्यानंतर भुरी ही दुसरी गिनी पिग घरी आली, मग ओळखीपाळखीतले गिनी पिगवाले फोन करू लागले आणि एक गोष्ट लक्षात आली. "अंगावर जखम झालीय, काय लावू?" हा प्रश्नच उलटा आहे. गिनी पिगच्या कातडीवर दिसणारी जखम हा बहुतेक वेळा गोष्टीचा शेवट असतो. सुरुवात पिंजऱ्याच्या तळात, खाण्याच्या वाटीत, दातात किंवा कातडीत बीळ करून बसलेल्या किड्यात असते. म्हणून आधी दोन गोष्टी पाहायच्या: जखम नेमकी कुठे आहे आणि तो प्राणी खाजवतोय का. एवढ्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे जाताना अर्धं काम झालेलं असतं. शिवाय भलतंसलतं काही लावण्याआधी हात थांबतो.

आणखी एक. कानांच्या मागे केस नसलेली छोटी जागा प्रत्येक गिनी पिगला असते. ती टक्कल निसर्गानेच दिलेली आहे. शेपूट असायला हवी त्या जागेच्या वर एक तेलकट ग्रंथी असते, नरांमध्ये ती चांगलीच चिकट होते. या दोन्ही 'जखमा' घेऊन लोक घाबरेघुबरे दवाखान्यात जातात. मीही गेलो होतो.

पाठीवर, खांद्यावर, आणि खाज अशी की बघवत नाही

गिनी पिग खाजवून खाजवून स्वतःला रक्तबंबाळ करत असेल, पाठीवर आणि खांद्यांवर केस जाऊन पिवळट, कोंड्यासारख्या जाड खपल्या धरल्या असतील, तर पहिला संशय खरजेच्या किड्यावर घ्यायचा. याचं नाव ट्रिक्साकारस कॅव्हिए. माणसाच्या खरजेच्या किड्याचाच हा भाऊबंद. तो कातडीच्या वरच्या थरात बोगदे खणतो, तिथेच अंडी घालतो आणि डोळ्यांना दिसत नाही. याची खाज इतकी भयंकर असते की पाठीला नुसता हात लागला तरी काही गिनी पिग आडवे पडून फिट आल्यासारखे झटके देतात. गाभण मादीचा या त्रासाने गर्भपातही होऊ शकतो. अशा प्राण्याला "उद्या बघू" म्हणून ठेवायचं नसतं.

पुष्कळदा हा किडा कित्येक महिने निमूट राहतो. नवीन घर, जोडीदाराचा मृत्यू, बाळंतपण, दुसरं आजारपण, सी जीवनसत्त्वाची कमतरता अशा कशाने तरी शरीर खचलं की त्याला संधी मिळते. म्हणून "आमचा तर कुठे बाहेर जातच नाही, मग किडा आला कुठून?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा असं असतं की तो दुकानातूनच सोबत आला होता.

डॉक्टर कातडी हलकेच खरवडून ते काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. किडा सापडला तर प्रश्न मिटला. पण तो बोगद्यात दडून बसतो, त्यामुळे कधीकधी सापडत नाही आणि लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात. आधी मलम चोपडलेलं असेल तर हे काम आणखी अवघड होतं, हे मी अनुभवाने सांगतो. औषध सहसा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन किंवा मानेमागे थेंब टाकायचं सेलामेक्टिन. अंड्यांवर याचा परिणाम होत नाही, म्हणून एका मात्रेवर भागत नाही. ठरावीक दिवसांनी पुन्हा आणि बऱ्याचदा तिसऱ्यांदा द्यावं लागतं, म्हणजे अंड्यातून नंतर बाहेर आलेलेही मरतात. पहिल्या मात्रेनंतर आठवड्यात खाज कमी झाली की लोक जायचं सोडतात, महिन्याभराने सगळं पुन्हा सुरू होतं आणि मग "औषधाचा गुण आला नाही" म्हणतात.

आयव्हरमेक्टिन गुरांसाठी सर्रास वापरलं जातं, त्यामुळे गावाकडे ते सहज मिळतं आणि "आमच्याकडे बाटली आहे, टोचू का?" असं विचारलं जातं. जरा हिशेब करू. गुरांच्या १ टक्का इंजेक्शनमध्ये एका मिलीलीटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. एक किलोच्या गिनी पिगला साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ०.०२ ते ०.०४ मिलीलीटर. चाळीस युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ही जेमतेम एक-दीड रेघ होते. हात किंचित हलला की मात्रा दुप्पट. आपल्या हिशेबात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. शिवाय वजन तराजूवर केलेलं हवं. अंदाजाने "असेल किलोभर" म्हटलेला प्राणी निघतो ७०० ग्रॅमचा.

कुत्र्यांसाठीचे गोचीड-पिसवांचे थेंब, शाम्पू आणि फवारे मात्र पूर्ण वर्ज्य समजा. फिप्रोनिल, परमेथ्रिन, अमिट्राझ ही नावं दिसली की ती वस्तू फडताळात परत ठेवा.

एकाला खरूज झाली तर सोबतच्या सगळ्यांना औषध द्यायचं, दिसायला ठणठणीत असले तरी. कापडी अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं, लाकडी घरटं सरळ टाकून द्यायचं. या दिवसांत त्यांना छातीशी धरणाऱ्यांच्या हातावर आणि पोटावर लाल पुरळ येऊ शकते. हा किडा माणसावर फार दिवस तगत नाही, प्राणी बरा झाला की पुरळही जाते.

उवांचं त्यामानाने सोपं आहे. त्या डोळ्यांना दिसतात, केसांत पांढरट हलणारे ठिपके असतात, आणि गिनी पिगच्या उवा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. मुलांची शाळा बुडवायचं कारण नाही.

नाक, डोळे, कान: इथे बुरशी

चेहऱ्यापासून सुरू होणारे, गोलसर, कोंडा धरलेले आणि फारसे न खाजणारे चट्टे बहुधा गजकर्णाचे, म्हणजे नायट्याचे असतात. ट्रायकोफायटन जातीची बुरशी केसांच्या मुळाशी वाढते, केस तुटतात, कड लाल होते. कित्येक गिनी पिग काहीही लक्षण न दाखवता ही बुरशी अंगावर बाळगतात. पिल्लं, म्हातारे आणि गर्दीत ठेवलेले प्राणी लवकर सापडतात. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत, जिथे टॉवेलसुद्धा तीन दिवस वाळत नाही, तिथे तर फारच.

काही ठिकाणी निळसर दिव्याखाली बुरशी चमकते का ते पाहतात. मांजरांमध्ये त्याचा उपयोग होतो. गिनी पिगची नेहमीची बुरशी त्या दिव्याखाली चमकत नाही, म्हणून "दिव्यात काही दिसलं नाही" म्हणजे बुरशी नाही असं समजू नका. चट्ट्याच्या कडेचे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं किंवा प्रयोगशाळेत वाढवून बघणं हा खात्रीचा मार्ग. त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

एखाद-दुसरा लहान चट्टा असेल तर डॉक्टर नुसतं बुरशीनाशक मलम देतात, स्टेरॉइड नसलेलं. जास्त पसरलं असेल तर इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिनसारखं तोंडाने द्यायचं औषध असतं आणि ते चार ते सहा आठवडे चालतं. बुरशीचे बीजाणू कापडात, फटींत, ब्रशमध्ये महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे घर साफ न करता औषध देणं म्हणजे नळ उघडा ठेवून लादी पुसणं. प्लास्टिकचा तळ पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने धुवायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग स्वच्छ खळबळून पूर्ण कोरडा करायचा. वास जाईपर्यंत प्राणी आत सोडायचा नाही. घरात तान्हं बाळ, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांवर असलेलं कुणी असेल तर हाताळणी एकाच माणसाने आणि हातमोजे घालून करावी.

तळपाय

आता ज्या दुखण्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे तिकडे येतो, कारण ते सगळ्यात उशिरा लक्षात येतं. गिनी पिगच्या तळव्यावर केस नसतात. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन, आणि किलोभर वजन त्या मऊ गाद्यांवर. आपल्याकडे अनेकदा त्यांना पक्ष्यांच्या पिंजऱ्यात, जाळीच्या तळावर ठेवतात. लेंड्या खाली पडतात, साफसफाई सोपी होते. त्या प्राण्याला मात्र दिवसभर तारेवर उभं राहावं लागतं.

सुरुवातीला तळवा नुसता गुलाबी-लाल आणि गुळगुळीत दिसतो. मग भोवरीसारखा घट्टा धरतो. मग त्याला भेग पडते. ओल्या, लघवीने माखलेल्या अंथरुणातून जंतू त्या भेगेत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस, आणि पाय सुजून लिंबाएवढा होतो. जंतू आणखी खोल गेले की कंडरा आणि हाडापर्यंत पोचतात. महिनोन्‌महिने चाललेल्या या दाहाने मूत्रपिंड आणि यकृतात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि प्राणी दगावतो. पायाच्या फोडाने मरण येतं म्हटलं तर खोटं वाटेल, पण असं होतं.

गिनी पिग लंगडत नाही, ओरडत नाही. शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं दाखवणं त्याच्या रक्तात नाही. फार तर थोडा कमी हिंडतो, कोपऱ्यात जास्त बसतो. घरचे म्हणतात, "शांत झालाय हल्ली." म्हणून आठवड्यातून एकदा उलटा करून चारही तळवे बघायचे. एक हात छातीखाली, एक कुल्ल्यांखाली, पाठ आपल्या पोटाला टेकलेली. हवं तर टॉवेलात पानाच्या विड्यासारखा गुंडाळून एकेक पाय बाहेर काढायचा. त्याच वेळी नखं बघायची. नखं वाढून वळली की पाय तिरका पडतो आणि सगळा भार एकाच जागी येतो.

लाली आणि घट्टा एवढ्यावर असेल तर बहुतेक उपचार औषधाच्या दुकानाबाहेरचा आहे. जाळी काढून सपाट तळ, त्यावर कोरडं मऊ अंथरूण, जे रोज बदललं जाईल. अनेक जण खाली शोषून घेणारी चादर आणि वर फ्लीसचं कापड घालतात. नुसता वर्तमानपत्राचा कागद घालत असाल तर त्यावर वाळलेल्या गवताचा जाड थर हवा. सुताराकडचा बारीक भुसा मात्र नको. त्याची धूळ नाकाडोळ्यांत जाते आणि कोणत्या लाकडाचा आहे, त्यावर काय मारलेलं आहे, कळायला मार्ग नसतो. जाडजूड गिनी पिगचं वजन हळूहळू उतरवायचं आणि त्याला हिंडायला जागा द्यायची.

भेग पडली, खपली धरली किंवा सूज आली की डॉक्टरच हवेत. एक्स-रे काढून हाड शाबूत आहे का पाहतात, पाय पातळ अँटिसेप्टिकमध्ये बुडवून स्वच्छ करतात, पट्टी बांधतात, वेदनाशामक आणि पोटातून अँटिबायोटिक देतात. खपली खरवडून काढायची नाही, खाली रक्तस्राव होतो. हे दुखणं दोन आठवड्यांत बरं होत नाही, दोन-तीन महिने धरून चाला. पट्टी ओली झाली तर लगेच बदला. ओली पट्टी उघड्या जखमेपेक्षा वाईट.

गळू, आणि बाकीच्या जागा पटापट

गळ्याखाली किंवा जबड्याजवळ टणक गाठ लागली तर ती बहुधा गळू असते. आपल्या गळवात पू पातळ असतो, फुटला की वाहून जातो. गिनी पिगचा पू श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट असतो. तो वाहत नाही. त्यामुळे दाबून, शेकून किंवा सुईने टोचून काही साधत नाही, उलट आतल्या आत फुटून पसरतो. डॉक्टर भूल देऊन पूर्ण गळू पिशवीसकट काढतात, किंवा तोंड उघडं ठेवून रोज आतून धुतात, म्हणजे जखम तळापासून वर भरत येते. जबड्याच्या गळवामागे दाताचं मूळ असू शकतं आणि गळ्यातल्या गाठीमागे तोंडात घुसलेली काडी. भाताचा जाड, धारदार पेंढा गवत म्हणून देणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. दोन नर भांडले तर चावल्याचं छिद्र वरून दोन दिवसांत बुजतं आणि आठवड्याने तिथेच गळू येतं. भांडणानंतर सगळं अंग केस उलटे करून तपासायचं ते यासाठी.

ओठांच्या कोपऱ्यात चिरा आणि खपल्या असतील तर आंबट फळं, धारदार कडेची वाटी किंवा पाण्याच्या बाटलीची नळी पाहा, आणि सी जीवनसत्त्वाचा विचार करा. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच, आरशात पाहिल्यासारखे गेले असतील आणि ती खाजवत नसेल, तर तो कातडीचा आजारच नाही, अंडाशयात गाठी असू शकतात. केस कात्रीने कापल्यासारखे दिसत असतील आणि खालची कातडी निरोगी असेल, तर सोबतचा किंवा तो स्वतःच ते कुरतडतोय. बहुतेक कंटाळा किंवा गर्दी. गवत वाढवा, जागा वाढवा.

कुल्ल्याजवळची ओली, लाल, दुर्गंधी येणारी कातडी म्हणजे लघवीने भाजलेली कातडी. तिचं कारण वजन, सांधेदुखी किंवा मूतखडा असू शकतं. पण पावसाळ्यात तिचा खरा धोका माश्या. माशी त्या ओल्या जागी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात. अळ्या जिवंत मांस खातात. अळी दिसली तर दुपारची वेळ ठरवू नका, त्याच तासाला निघा.

धान्य खाणारा खलाशी

वर दोनदा सी जीवनसत्त्वाचा उल्लेख आला. तो का, ते आता सांगतो. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात. माणूस करत नाही आणि गिनी पिगही करत नाही. दोघांकडेही त्या साखळीतलं शेवटचं विकर नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे जहाजावरच्या खलाशांच्या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खाऊ घातला आणि काही आठवड्यांत त्या प्राण्यांना स्कर्व्ही झाला, अगदी खलाशांसारखा. ताज्या भाज्या दिल्या की तो टळत होता. पुढे सी जीवनसत्त्वाचा शोध लागला त्यात या छोट्या प्राण्याचा वाटा मोठा आहे.

आणि शंभराहून जास्त वर्षांनी आपण पिंजऱ्यात काय ठेवतो? वाटीभर बाजरी आणि गहू. होल्स्टचाच प्रयोग आपण बाल्कनीत करत असतो.

या जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजन नीट विणता येत नाही. कोलॅजन म्हणजे कातडीला, रक्तवाहिन्यांना, हिरड्यांना धरून ठेवणारा दोरा. तो कच्चा निघाला की जुनी जखम उसवते आणि नवी शिवली जात नाही. केस राठ होतात, सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. दोन-तीन आठवडे हे जीवनसत्त्व मिळालं नाही की हे दिसू लागतं. कितीही भारी मलम लावा, शिवणारा शिंपी दोऱ्याविना बसलेला असतो.

निरोगी गिनी पिगला रोज किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, जखम असताना किंवा गाभण असताना त्याहून जास्त. ढोबळी मिरचीची एक-दोन मोठी कापं रोज दिली तर बरंच भागतं, लाल असेल तर हिरवीपेक्षा जास्त मिळतं. कोथिंबीर त्यांना वेड्यासारखी आवडते, पण एकट्या कोथिंबिरीने गरज पुरी होत नाही. गंमत अशी की हा प्राणी मूळचा पेरू देशाच्या बाजूचा, अँडीज पर्वतातला, आणि आपल्या पेरूच्या फळात सी जीवनसत्त्व भरभरून आहे. पण साखरही आहे, म्हणून पेरूची एखादी छोटी फोड, आठवड्यातून दोनदा, बस. आवळ्याचा तुकडा बहुतेक जण थुंकून टाकतात. माझ्या दोघींनी तर तो पाहून तोंड फिरवलं.

तयार खाद्याच्या पाकिटातलं सी जीवनसत्त्व दिवसागणिक उडून जातं, तयार झाल्यापासून तीन महिन्यांनंतर त्यावर विसंबू नये. पाण्यात थेंब टाकणं हाही भ्रम आहे: उजेडात ते लवकर नासतं, चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. पुरवणी द्यायचीच तर थेट तोंडात. लहान बाळांचे सी जीवनसत्त्वाचे थेंब मिळतात, बाटलीवर मिलीलीटरमागे १०० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर ०.३ मिलीलीटरमध्ये ३० मिलिग्रॅम झाले. अनेक जीवनसत्त्वांचं मिश्रण नको, त्यातलं ए आणि डी जास्त झालं तर बाधतं.

आणि रोजचा मुख्य आहार गवत. ताजी हरळी मिळत असेल तर उत्तम, रस्त्याकडेची किंवा फवारणी केलेली सोडून. गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्या विकायला येतात तेव्हा आमच्या घरी देवाआधी या दोघींना नैवेद्य जातो.

घरातलं अँटिबायोटिक

हा भाग जपून वाचा. १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरीच्या चमूने पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी आठ उंदरांवर केली. ज्यांना औषध दिलं ते जगले, बाकीचे मेले, आणि वैद्यकशास्त्र बदललं. त्यांनी त्या दिवशी उंदरांऐवजी गिनी पिग घेतले असते तर कदाचित उलटा निष्कर्ष निघाला असता. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, पेनिसिलिन दिलेले गिनी पिग मरतात हे संशोधकांनी नोंदवलं.

गिनी पिगचं पोट म्हणजे गवत आंबवणारी पेटी आहे, आणि आंबवण्याचं काम आतले उपयोगी जंतू करतात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन, तोंडाने दिलेली सेफॅलोस्पोरिन ही औषधं नेमके तेच जंतू मारतात. मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू फोफावतात, त्यांचं विष आतड्यात भिनतं आणि काही दिवसांत जुलाब होऊन प्राणी जातो. आपल्या घरात मुलांच्या खोकल्यातलं उरलेलं गुलाबी सरबत बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिनच असतं. ते चमचाभर देणं म्हणजे विष देणं.

मलमंही यातून सुटत नाहीत, कारण गिनी पिग अंग चाटतो. वरून लावलेलं सगळं दहा मिनिटांत पोटात असतं. काही प्रतिजैविक मलमांत बॅसिट्रॅसिन असतं, ते याच घातक यादीत येतं. डॉक्टर गिनी पिगसाठी सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फासारखी औषधं निवडतात. दवाखान्यात चिठ्ठी हातात घेताना "हे गिनी पिगला चालतं ना?" असं विचारायला लाजू नका. रोज कुत्री-मांजरं पाहणाऱ्या माणसाकडून सवयीने नाव लिहिलं जाऊ शकतं.

छोटे प्राणी पाहणारे डॉक्टर मोठ्या शहरांतही मोजकेच असतात. जवळ कुणी नसेल तर परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने हा एक आधार आहे.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत

मेडिकलमधून सलाईनची लहान बाटली आणा, म्हणजे साधं नॉर्मल सलाईन. कोमट करून त्याने जखम धुवा, मऊ सुती कापडाने टिपून कोरडी करा. कापूस वापरला तर तंतू चिकटतात. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात इतकं पातळ करा की फिक्या चहाचा रंग यावा. डेटॉल, फिनेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काही नाही. हळद, कडुलिंबाचं तेल, कापूर घातलेलं खोबरेल हे आजीच्या प्रेमाने लावलं जातं, पण चाटलं जाणारच आहे हे आठवा. कापूर तर विषारीच. तेलकट थराखाली जखम दमट राहते आणि डॉक्टरांना खरवडून घ्यायला काही उरत नाही. आंघोळ घालू नका.

माणसाची वेदनाशामक गोळी, कितीही लहान तुकडा असला तरी, नको. जखम चाटू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसा प्लास्टिकचा शंकू घातला की गिनी पिग बऱ्याचदा खाणंच सोडतो, म्हणून तोही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. आजाऱ्याला जोडीदारापासून पूर्ण तोडू नका. मध्ये जाळी ठेवा, म्हणजे वास आणि आवाज पोचतो.

सगळ्यात मोलाचं उपकरण म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा. आठवड्याला एकदा, आजारपणात रोज, त्याच वेळी वजन लिहून ठेवा. पन्नासेक ग्रॅम उतरले तर लक्ष द्या, शंभर उतरले तर जखम कशी दिसते याची वाट बघू नका. बारा तास खाल्लं नाही, लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, तर जखम बाजूला राहते आणि आतडं बंद पडण्याचा प्रश्न पुढे येतो. तो रात्री दोन वाजताही तातडीचाच असतो. अशा वेळी भिजवून दळलेलं त्याचं नेहमीचं खाद्य सिरिंजने, गालाच्या कडेने, थोडं थोडं कसं भरवायचं हे डॉक्टरांकडून आधीच शिकून ठेवा. धडपडत शिकायची ती वेळ नसते.

आणि दिसणं बंद झालं म्हणजे बरं झालं असं नाही. चिंगीच्या नाकावर तिसऱ्या आठवड्यात लव आली तेव्हा मी औषध थांबवायला निघालो होतो. डॉक्टरांनी केस पुन्हा तपासायला पाठवले, बुरशी अजून होती. सहाव्या आठवड्यात अहवाल स्वच्छ आला. माझ्या मनगटाला आठ लागले.